तंतुकणिकेतील डीएनए आणि समुद्रपक्ष्यांचे नातेसंबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रपक्ष्यांच्या वर्गीकरणात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झालेले बरेचसे बदल पेशीतील एका छोट्या, वर्तुळाकार डीएनएच्या अभ्यासातून आले आहेत. त्याविषयी अभ्यासक, विद्यार्थी आणि पक्षिनिरीक्षक जे प्रश्न वरचेवर विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. परिभाषेबाबत एक खुलासा आधीच करतो. बोलण्यात ‘प्रजाती’ हा शब्द बऱ्याचदा सैलपणे वापरला जातो. या लेखात मात्र पाठ्यपुस्तकांप्रमाणे गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड पाळली आहे, म्हणजे ‘जाती’ हा सर्वांत खालचा, परस्परांत प्रजनन करणाऱ्या जिवांचा गट आहे.

तंतुकणिकेतील डीएनए म्हणजे काय आणि तो केंद्रकातील डीएनएपेक्षा वेगळा कसा?

तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे अंगक. त्यात केंद्रकातील गुणसूत्रांपासून स्वतंत्र असा स्वतःचा डीएनए असतो, हे 1963 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ते निरीक्षण कोंबडीच्या गर्भातील पेशींवर केलेले होते, त्यामुळे या विषयाचा पक्ष्यांशी संबंध अगदी पहिल्या दिवसापासूनचा आहे असे म्हणायला हरकत नाही. कोंबडीच्या या वर्तुळाचा संपूर्ण क्रम 1990 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची लांबी 16,775 बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या ‘अक्षरां’च्या जोड्या, भरली. इतर पक्ष्यांतही ती साधारण याच आसपास असते. या वर्तुळावर 37 जनुके असतात. त्यांपैकी 13 प्रथिनांची, 22 वाहक आरएनएची आणि 2 रायबोसोमच्या आरएनएची असतात. त्याखेरीज ‘नियंत्रक भाग’ नावाचा एक पट्टा असतो, ज्यात कोणतेही प्रथिन लिहिलेले नसते.

नातेसंबंधांच्या अभ्यासाला हा डीएनए सोयीचा ठरण्याची कारणे तीन. एका पेशीत केंद्रकातील प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती असतात, तर तंतुकणिकेतील डीएनएच्या शेकडो ते हजारो, त्यामुळे थोड्याशा किंवा जुन्या, झिजलेल्या नमुन्यातूनही तो हाती लागतो. तो जवळजवळ नेहमी आईकडूनच येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची सरमिसळ होत नाही, त्यामुळे त्याचा इतिहास एका सरळ धाग्यासारखा मागे नेता येतो. आणि प्राण्यांत त्याच्यात बदल साचण्याचा वेग केंद्रकातील बहुतेक भागांपेक्षा जास्त असतो, म्हणून अलीकडे विलग झालेल्या जातींमध्येही फरक सापडतो. या तीन गुणांपैकी दुसरा गुण, म्हणजे फक्त आईची परंपरा सांगणे, हीच त्याची मर्यादाही आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत ही गोष्ट कोठे ना कोठे पुन्हा येईल.

‘समुद्रपक्षी’ हा एकच नैसर्गिक गट आहे का?

नाही. समुद्रावर उपजीविका करणाऱ्या, सुमारे साडेतीनशे जातींच्या पक्ष्यांना सोयीसाठी दिलेले ते नाव आहे. त्यात पेंग्विन आहेत, अल्बट्रॉस व पेट्रेल यांचा नलिकानासिक गण आहे, बूबी, पाणकावळे व फ्रिगेट पक्षी आहेत, आणि कुरव, सुरय, स्कुआ व ऑक हेही आहेत. यांपैकी कुरव आणि ऑक हे अल्बट्रॉसपेक्षा किनाऱ्यावर चोच खुपसत फिरणाऱ्या चिखलपक्ष्यांच्या कितीतरी जवळचे आहेत.

शरीररचनेवरून नाती ठरवण्यात अडचण काय होती?

समुद्र सर्वांकडून जवळपास सारखीच कामे करून घेतो. पाण्यात बुडी मारणे, वाऱ्यावर तरंगणे, मीठ बाहेर टाकणे, वरून गडद आणि खालून पांढरे दिसणे हे गुण वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे उद्भवले आहेत, आणि अशा अभिसारी साम्याला रक्ताचे नाते समजण्याची चूक सहज होते. दक्षिण गोलार्धातील डायव्हिंग पेट्रेल आणि उत्तरेकडचा छोटा ऑक शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस त्यांना भावंडे म्हणेल, पण ते दोन निराळ्या गणांतले आहेत.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पेलिकनच्या जुन्या गणाचे आहे. पायाची चारही बोटे पडद्याने जोडलेली असणे या एका लक्षणावरून पेलिकन, बूबी, पाणकावळे, सर्पपक्षी, फ्रिगेट पक्षी आणि ट्रॉपिकबर्ड यांना दीर्घकाळ एकत्र ठेवले जात होते. 1994 मध्ये तंतुकणिकेतील रायबोसोम-आरएनए जनुकांची तुलना झाली तेव्हा पेलिकनचे सर्वांत जवळचे नातलग आफ्रिकेतील शूबिलसारखे लांब पायांचे पाणथळ पक्षी ठरले. आधीच्या दशकांत डीएनए-संकरणाच्या, म्हणजे दोन पक्ष्यांचे डीएनए एकमेकांशी किती घट्ट जुळतात हे पाहण्याच्या, प्रयोगांनी हेच सुचवले होते, पण त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नव्हता. पुढे केंद्रकातील जनुकांनीही तीच साक्ष दिली. आज बूबी, पाणकावळे, सर्पपक्षी व फ्रिगेट पक्षी यांचा वेगळा गण मानतात, पेलिकन बगळ्यांच्या बाजूला गेला आहे, आणि ट्रॉपिकबर्ड तर या साऱ्यांपासून दूर, कागू आणि सनबिटर्न यांच्या शेजारी जाऊन बसला आहे. चार बोटांच्या पडद्यावर एवढा भार टाकणे चुकीचे होते, हे आता म्हणणे सोपे आहे. पण त्या काळी उपलब्ध असलेल्या लक्षणांत ते खरोखरच ठसठशीत होते.

अभ्यासासाठी वर्तुळाचा कोणता भाग निवडतात?

प्रश्न किती जुन्या फाट्याविषयी आहे यावर ते अवलंबून असते. एकाच जातीच्या वसाहतींची तुलना करायची असेल तर झपाट्याने बदलणारा नियंत्रक भाग घेतात. जाती आणि प्रजाती यांच्या पातळीवर सायटोक्रोम-बी हे जनुक वर्षानुवर्षे मुख्य साधन राहिले आहे. पक्ष्यांत ते साधारण 1,143 बेसजोड्यांचे असते आणि नलिकानासिक पक्ष्यांपैकी बहुतेकांचा या जनुकाचा क्रम उपलब्ध असल्याने नवा नमुना लगेच तुलनेला बसवता येतो. जाती ओळखण्यासाठी सायटोक्रोम-ऑक्सिडेज-एक या जनुकाचा 648 बेसजोड्यांचा तुकडा ‘डीएनए बारकोड’ म्हणून वापरतात. फार जुन्या फाट्यांसाठी रायबोसोमची हळू बदलणारी जनुके किंवा अलीकडे संपूर्ण वर्तुळच घेतले जाते.

अनेकांना वाटते की जास्त वेगाने बदलणारा भाग म्हणजे जास्त माहिती. ते खरे नाही. एकाच जागी पुन्हापुन्हा बदल झाला की आधीचा बदल पुसला जातो, आणि दोन दूरचे वंश केवळ योगायोगाने सारखे दिसू लागतात. प्रथिन लिहिणाऱ्या जनुकांत तीन-तीन बेसांच्या शब्दातील तिसरी जागा अशीच लवकर ‘भरून’ जाते, म्हणून गण किंवा कुलांच्या पातळीवर तिला वगळणे किंवा तिच्यासाठी वेगळे गणिती प्रारूप वापरणे भाग पडते.

नमुने कसे मिळवतात? त्यासाठी पक्षी मारावा लागतो का?

मारावा लागत नाही. घरट्यावरच्या पक्ष्याच्या रक्ताचे काही थेंब, उपटलेल्या एखाद्या पिसाचे मूळ, अंड्याच्या कवचाच्या आतील पातळ पडदा, किनाऱ्यावर वाहून आलेल्या मृत पक्ष्याचा स्नायू, यांपैकी काहीही चालते. वस्तुसंग्रहालयातील भरलेल्या पक्ष्यांच्या तळपायाच्या गादीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला तरी पुरतो. मात्र शंभर-दीडशे वर्षांच्या कातड्यातील डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात आणि आधुनिक डीएनएची भेसळ तेथे सर्वांत मोठी शत्रू असते. म्हणून असे काम वेगळ्या, बंदिस्त प्रयोगशाळेत करतात आणि निष्कर्ष दुसऱ्यांदा पडताळतात.

येथे एक विचित्र गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पक्ष्यांच्या तांबड्या रक्तपेशींत सस्तन प्राण्यांच्या उलट केंद्रक असते, पण तंतुकणिका थोड्याच असतात. म्हणजे रक्त घेणे सर्वांत सोपे असले तरी तंतुकणिकेतील डीएनएच्या दृष्टीने ते सर्वांत चांगले ऊतक नव्हे. याचा परिणाम काय होतो ते पुढे, फसगतीच्या प्रश्नात पाहू.

मिळालेल्या क्रमांवरून वंशवृक्ष कसा काढला जातो?

प्रथम सर्व पक्ष्यांचे क्रम एकाखाली एक असे मांडतात की मूळची समान जागा एकाच रकान्यात येईल. प्रथिनांच्या जनुकांत हे काम सरळ असते. नियंत्रक भागात तुकडे गळालेले आणि घुसलेले असल्याने ते किचकट होते आणि तेथे केलेली चूक पुढच्या सर्व गणितात उतरते. त्यानंतर कोणत्या प्रकारचा बदल किती वेळा घडतो याचे प्रारूप निवडून, त्या प्रारूपाखाली हाती आलेले क्रम घडवण्याची शक्यता ज्या वृक्षात सर्वाधिक आहे, तो वृक्ष संगणक शोधतो. वृक्षाला मूळ कोठे आहे हे कळण्यासाठी एक बाह्यगट घ्यावा लागतो, म्हणजे अभ्यासगटाबाहेरचा, पण फार दूरचा नसलेला पक्षी. शेवटी प्रत्येक फाट्याला किती आधार आहे याचा आकडा दिला जातो. वाचकाने रंगीत वृक्षाच्या आकृतीकडे पाहण्याआधी हे आकडे पाहावेत, असा माझा आग्रह असतो. कमी आधाराचा फाटा ही न सुटलेली गाठ असते, आणि सुबक आकृतीत ती सुटल्यासारखी दिसते.

अल्बट्रॉसच्या बाबतीत या पद्धतीने काय बदलले?

बरेच काही. 1996 पर्यंत बहुतेक अल्बट्रॉस एकाच प्रजातीत ठेवले जात आणि फक्त काळपट रंगाच्या दोन जाती वेगळ्या मानल्या जात. त्या वर्षी तोवर मान्य असलेल्या 14 जातींच्या सायटोक्रोम-बीचे पूर्ण क्रम तुलनेसाठी घेतले गेले आणि चार स्पष्ट शाखा दिसल्या : दक्षिणेकडचे महाकाय अल्बट्रॉस, उत्तर प्रशांत महासागरातले अल्बट्रॉस, मध्यम आकाराचे मॉलीमॉक आणि काळपट अल्बट्रॉस. महाकाय आणि उत्तर प्रशांती यांची एक जोडी, तर मॉलीमॉक आणि काळपट यांची दुसरी. मॉलीमॉक दिसायला महाकाय अल्बट्रॉसची लहान आवृत्ती वाटत असले, तरी त्यांचे जवळचे नाते काळपट पक्ष्यांशी निघाले. ही चार प्रजातींची मांडणी आता सर्वमान्य आहे.

चार प्रजातींवर एकमत झाले, पण त्यांत जाती किती यावर झाले नाही. काही अभ्यासकांनी बेटागणिक वेगळी जाती मानून संख्या चोविसापर्यंत नेली, तर इतरांनी ती तेराच्या आसपास ठेवली. हा वाद डीएनएने सुटला नाही याचे कारण डीएनएत नाही. किती फरक पडला की जाती वेगळी म्हणायची, हा मुळात व्याख्येचा प्रश्न आहे.

कुरव आणि सुरय यांच्याविषयी काय निष्पन्न झाले?

कुरवांच्या बाबतीत एक सुंदर कल्पना मोडीत निघाली. हेरिंग कुरव आणि त्याचे नातलग उत्तर ध्रुवाभोवती कडे करून राहतात. शेजारी-शेजारी असलेले गट परस्परांत प्रजनन करतात, पण कड्याची दोन टोके युरोपात भेटतात तेव्हा दोन वेगळ्या जातींसारखी वागतात. उत्क्रांतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये याला ‘वलयजाती’चे ठळक उदाहरण म्हटले आणि ते अनेक दशके पाठ्यपुस्तकांत राहिले. 2004 मध्ये तंतुकणिकेतील डीएनएचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हे कडे तसे नाहीच असे दिसले. या कुरवांचे दोन प्राचीन उगम आढळले, एक अटलांटिकच्या बाजूचा आणि एक अरल-कॅस्पियनच्या भागातला. शिवाय अमेरिकेतील हेरिंग कुरव अटलांटिक ओलांडून युरोपात आले ही कड्याची शेवटची कडीच आढळली नाही. तुकड्यातुकड्याने विलग होणे, पुन्हा भेटणे आणि अधूनमधून संकर होणे, असा हा गुंतागुंतीचा इतिहास आहे. पाठ्यपुस्तकाला वलय अधिक मानवत होते, हे खरे.

त्याखेरीज 2005 मधील अभ्यासांनी कुरवांची एक आणि सुरयांची एक अशा दोन मोठ्या, भोंगळ प्रजाती विभागल्या. एकाच पूर्वजाचे सर्व वंशज एका प्रजातीत यावेत या तत्त्वानुसार डोक्यावर गडद टोपी असलेले लहान कुरव वेगळे झाले, आणि सुरयांपैकी छोटे सुरय, तुरेवाले सुरय आणि गडद पाठीचे उष्णकटिबंधीय सुरय यांना आपापली प्रजाती मिळाली. पक्षिनिरीक्षकांना शास्त्रीय नावे पुन्हा पाठ करावी लागली आणि त्याबद्दल त्यांची नाराजी अजूनही ऐकू येते.

हजारो किलोमीटर उडणारे पक्षी एकमेकांपासून विलग कसे होतात?

उडण्याची क्षमता आणि प्रजननासाठी दुसऱ्या वसाहतीत जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अल्बट्रॉस किंवा पेट्रेल अर्धा महासागर पालथा घालतो, पण अंडे घालायला बहुधा ज्या वसाहतीत तो स्वतः जन्मला तेथेच किंवा तिच्या जवळपास परततो. त्यामुळे समुद्रावर एकत्र दिसणारे पक्षी पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या बेटांचे रहिवासी असू शकतात, आणि मातृवंशांच्या नकाशात ते उमटते.

बूबींच्या बाबतीत भूगोलाचा अडथळाही दिसतो. पनामाची संयोगभूमी ही अगदी चिंचोळी पट्टी आहे आणि बूबीला ती ओलांडायला फारसा वेळ लागू नये. पण बूबी जमिनीवरून उडायचे टाळतो, आणि या पट्टीच्या दोन बाजूंच्या पक्ष्यांचे मातृवंश वेगळे झालेले आढळतात.

त्याहून नवलाची गोष्ट अटलांटिकमधील अझोर बेटांवरची आहे. तेथे एकाच प्रकारचे स्टॉर्म पेट्रेल उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात अशा दोन हंगामांत प्रजनन करतात, असे समजले जात होते. काही ठिकाणी दोन्ही हंगामांतले पक्षी तीच बिळे आळीपाळीने वापरतात. डीएनएच्या तुलनेत या दोन हंगामी गटांमध्ये देवाणघेवाण जवळपास थांबलेली दिसली. आवाज, मापे आणि पिसे बदलण्याचा काळ यांतील फरकही जुळले, आणि उन्हाळी गटाला 2008 मध्ये ‘माँतेइरोचा स्टॉर्म पेट्रेल’ अशी स्वतंत्र जाती म्हणून मान्यता मिळाली. एकाच बेटावर, एकाच बिळात, केवळ वेळापत्रक वेगळे असल्याने वंश वेगळे पडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण पक्ष्यांत क्वचितच मिळते.

फाटा किती वर्षांपूर्वी फुटला, हे डीएनएवरून सांगता येते का?

सांगता येते, पण मोठ्या मोकळीकीने. पक्ष्यांच्या सायटोक्रोम-बीत दोन वंशांमध्ये दर दहा लाख वर्षांत सुमारे दोन टक्के फरक साचतो, हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो आणि सरासरी म्हणून तो ठीक आहे. समुद्रपक्ष्यांना तो सरसकट लावणे मात्र धोक्याचे आहे. 1998 मध्ये नलिकानासिक पक्ष्यांच्या सायटोक्रोम-बीची तुलना झाली तेव्हा मोठ्या अंगाच्या, सावकाश वाढणाऱ्या अल्बट्रॉसमध्ये बदलाचा वेग छोट्या स्टॉर्म पेट्रेलपेक्षा कमी आढळला. एकाच गणात घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालत असतील तर एकच गती गृहीत धरून काढलेली तारीख चुकणारच.

दुसरी अडचण कालावधीची आहे. 2002 मध्ये अंटार्क्टिकातील ॲडेली पेंग्विनच्या सुमारे 7,000 वर्षांपर्यंतच्या जुन्या हाडांतील डीएनएची तुलना त्याच जागी आज राहणाऱ्या पेंग्विनांशी केली गेली. थंड, कोरड्या हवेत हाडे थरावर थर साठून राहिली होती, म्हणून हे शक्य झाले. नियंत्रक भागातील बदलाचा मोजलेला वेग जीवाश्मांवरून आधी बांधलेल्या अंदाजांच्या दोन ते सात पट निघाला. काही हजार वर्षांत दिसणारे बरेच बदल पुढे टिकत नाहीत, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. अलीकडचा इतिहास मोजताना लांब पल्ल्याची गती वापरली तर घटना प्रत्यक्षाहून जुन्या वाटतात.

नामशेष झालेल्या पक्ष्यांचाही अभ्यास होतो का?

होतो, आणि माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत रोचक काम तेच आहे. ग्रेट ऑक हा न उडणारा मोठा पक्षी. त्याची शेवटची खात्रीची जोडी 1844 मध्ये आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तंतुकणिका-डीएनएच्या तुलनेत त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग रेझरबिल ठरला.

न्यूझीलंडच्या पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनची कथा वेगळी आहे. हा पक्षी पूर्वी मुबलक होता आणि माणसाच्या वावरामुळे त्याची संख्या घटून आजची झाली, असे मानले जात होते. 2009 मध्ये मुख्य भूमीवरील प्राचीन हाडांचा डीएनए तपासला गेला तेव्हा ती हाडे या पक्ष्याची नसून त्याच्या जवळच्या, थोड्या लहान नातलगाची निघाली. त्याला ‘वायताहा पेंग्विन’ हे नाव मिळाले. तो इसवी सन 1500 च्या सुमारास, माणसाच्या वसाहतीनंतर नाहीसा झाला, आणि रिकाम्या किनाऱ्यावर दक्षिणेकडच्या उप-अंटार्क्टिक बेटांवरून पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन आला. ज्याला मूळचा रहिवासी समजले जात होते तो नंतर आलेला ठरला. पुढे संपूर्ण तंतुकणिका-वर्तुळांच्या तुलनेनंतर वायताहा पेंग्विनला स्वतंत्र जातीऐवजी उपजाती मानावे असे सुचवले गेले, पण घटनाक्रम तोच राहिला.

याच्या उलट, टास्मान बूबी हा केवळ हाडांवरून वर्णिलेला, नामशेष मानलेला पक्षी. 2010 मधील अभ्यासात जुन्या हाडांचा आणि लॉर्ड हाउ, नॉरफोक व कर्माडेक बेटांवरील जिवंत मास्क्ड बूबींचा मातृवंश एकच आढळला. म्हणजे पक्षी मेला नव्हताच, लोक त्याच्याकडे दुसऱ्या नावाने पाहत होते. ब्रायनच्या शियरवॉटरबाबतही असेच काहीसे घडले. मिडवे बेटांवर 1963 मध्ये मिळालेला नमुना संग्रहालयात लिट्ल शियरवॉटर म्हणून पडून होता. त्याच्या सायटोक्रोम-बीच्या तुलनेनंतर 2011 मध्ये तो स्वतंत्र जाती म्हणून वर्णिला गेला, आणि लगेच पुढे जपानच्या ओगासावारा बेटांवर ती जाती जिवंत असल्याचे सिद्ध झाले.

प्रयोगशाळेत फसगत कोठे होते?

दोन ठिकाणी विशेष. पहिली म्हणजे केंद्रकातील तोतया प्रती. उत्क्रांतीच्या ओघात तंतुकणिकेतील डीएनएचे तुकडे अधूनमधून केंद्रकातील गुणसूत्रांत जाऊन चिकटतात आणि तेथे निकामी अवस्थेत, वेगळ्या गतीने बदलत राहतात. रक्ताचा नमुना असेल तर तंतुकणिका कमी आणि केंद्रके भरपूर, त्यामुळे वाचण्यासाठी डीएनएच्या नकला काढून तो वाढवताना खऱ्याऐवजी तोतयाचीच प्रत वाढवली जाण्याची शक्यता बळावते. मग वृक्षावर एक पक्षी भलत्याच फांदीवर जाऊन बसतो. जनुकाच्या मधोमध थांबण्याची खूण दिसणे किंवा एकाच जागी दोन बेसांचे संकेत येणे, ही तोतयाची लक्षणे. स्नायूचा नमुना आणि लांब तुकड्यांची वाढ हे त्यावरचे उपाय. मात्र येथेही सावध राहावे लागते. अनेक पक्ष्यांच्या एनडी-3 जनुकात एक जादा बेस मुळातच असतो, आणि हे ठाऊक नसलेला नवशिक्या खऱ्या क्रमालाच तोतया ठरवून बाजूला टाकतो.

दुसरी फसगत नियंत्रक भागाची. मॉलीमॉक अल्बट्रॉसमध्ये हा भाग एकाच वर्तुळावर दोनदा असल्याचे 2005 मध्ये दाखवले गेले आणि त्यानंतर बूबींसह इतर समुद्रपक्ष्यांतही तसेच आढळले. दोन प्रती एकमेकींशी जुळवून घेत बदलतात, त्यामुळे त्या जवळपास सारख्या असतात, पण अगदी सारख्या नसतात. एका पक्ष्याची पहिली आणि दुसऱ्याची दुसरी प्रत अजाणता तुलनेला घेतली तर मिळणारा फरक पक्ष्यांमधला नसतो, प्रतींमधला असतो.

तंतुकणिकेचा वृक्ष आणि जातींचा वृक्ष एकच असतो का?

नेहमी नाही, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची सावधगिरी हीच आहे. संपूर्ण वर्तुळ एकत्र वारशाने जाते, त्यामुळे त्यावर 37 जनुके असली तरी नात्याच्या साक्षीसाठी ती एकच गणली पाहिजेत. एका साक्षीदाराला 37 वेळा विचारले म्हणून साक्षीदार 37 होत नाहीत. जाती लवकर लवकर विलग झाल्या असतील तर पूर्वजातील जुने मातृवंश वंशजांत कसेही वाटले जाऊ शकतात. केवळ आईकडून आणि एकेरी वारसा असल्याने अशा जुन्या वंशांची निवड केंद्रकातील जनुकांपेक्षा लवकर पूर्ण होते, हा दिलासा आहे, पण पुरेसा नाही.

खरा घोळ संकराने होतो. स्कुआंमध्ये आर्क्टिकमधील तीन सडपातळ जाती एका बाजूला आणि दणकट बांध्याचे मोठे स्कुआ दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी दिसण्यावरून स्वाभाविक वाटते. पण 1990 च्या दशकात तंतुकणिकेतील डीएनएने पोमरीन स्कुआला त्याच्या सडपातळ भावंडांऐवजी मोठ्या स्कुआंच्या अगदी शेजारी बसवले. काहींनी संकराचा संशय घेतला, काहींनी शरीररचनेची समजूतच चुकीची ठरवली. अलीकडे संपूर्ण जनुकसंचांच्या तुलनेतून संकराची बाजू भक्कम झाली. प्राचीन संकरातून एका वंशाची तंतुकणिका दुसऱ्यात शिरली होती आणि केंद्रकातील जनुकांचीही काही देवाणघेवाण झाली होती.

पक्ष्यांत असे घडणे तुलनेने अवघड असते, हे येथे नोंदवले पाहिजे. पक्ष्यांत मादीची लिंग-गुणसूत्रे दोन वेगवेगळ्या प्रकारची असतात, आणि संकरात ज्या लिंगाची गुणसूत्रे अशी वेगळी असतात त्याच लिंगाच्या संततीला वंध्यत्व किंवा अकाली मृत्यू अधिक येतो. तंतुकणिका पुढे नेणारी मादीच अशक्त झाली तर परकी तंतुकणिका जातीत पसरणे मंदावते. म्हणूनच स्कुआंचे उदाहरण अपवाद म्हणून एवढे बोलके आहे. हिंदी महासागरातील राउंड बेटावर मात्र तीन जातींचे पेट्रेल परस्परांत सर्रास संकर करतात. तेथे एखाद्या पक्ष्याचा मातृवंश सांगणे आणि त्याची जाती सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी होतात.

अमुक टक्के फरक आढळला की नवी जाती जाहीर करावी, असा नियम आहे का?

असा नियम नाही आणि असू नये. मार्बल्ड मरलेट या छोट्या ऑकचा आशियाई गट 1990 च्या दशकात ‘लाँग-बिल्ड मरलेट’ म्हणून वेगळा झाला, तेव्हा तंतुकणिकेतील ठळक फरकाच्या जोडीला प्रथिनांतील फरक आणि चोचीची लांबी व पिसाऱ्यातील भेद हेही होते. उलट, मोठ्या कुरवांच्या अनेक जाती डोळ्यांना स्पष्ट वेगळ्या दिसतात, पण त्यांचे बारकोड वेगळे करता येत नाहीत, कारण त्या अलीकडच्या आहेत आणि अजूनही संकर करतात. टक्क्याचा उपयोग पुन्हा तपासण्यासारखे काही आहे का हे कळण्यापुरता करावा.

आता संपूर्ण जनुकसंच वाचता येतो, मग तंतुकणिकेतील डीएनएची गरज उरली आहे का?

गणांच्या पातळीवरचे मोठे फाटे ठरवण्यासाठी ती फारशी उरलेली नाही. 2014 मध्ये 48 पक्ष्यांच्या जनुकसंचांवरून काढलेला वृक्ष आणि त्यानंतरचे काम पाहता, पेंग्विन आणि नलिकानासिक पक्षी एकमेकांचे भगिनीगट, म्हणजे सर्वांत जवळचे नातलग, आहेत यासारखे प्रश्न केंद्रकातील हजारो जनुकांवर सोपवणेच योग्य. स्टॉर्म पेट्रेलची दोन कुले, एक दक्षिणेची आणि एक उत्तरेची, परस्परांची सख्खी नाहीत हे सायटोक्रोम-बीने सुचवले होते. ते पुढे टिकले, पण त्या कुलांचा अल्बट्रॉसशी नेमका क्रम काय, हे त्या एका जनुकाला ठरवता आले नव्हते.

इतर ठिकाणी मात्र हा डीएनए अजून कामाचा आहे. मासेमारीच्या दोरांत अडकून मेलेला अल्बट्रॉस कोणत्या जातीचा आणि कधीकधी कोणत्या बेटांचा हे सांगायला, कुजलेल्या पिसावरून जाती ओळखायला, शंभर वर्षांच्या कातड्याची आजच्या पक्ष्याशी तुलना करायला तोच सर्वांत आधी हाती लागतो. शिवाय संपूर्ण जनुकसंच वाचताना तंतुकणिकेचे वर्तुळ आपोआपच पदरात पडते. तेव्हा ते केंद्रकाच्या वृक्षाशेजारी ठेवून पाहिले जाते, आणि जेथे दोन्ही वृक्ष जुळत नाहीत तेथे स्कुआंसारखा एखादा जुना संकर दडलेला असण्याची शक्यता पहिल्यांदा तपासली जाते.